संगणक सुरू होताना येणाऱ्या सूचना आणि आपले कर्तव्य

(मंडळाच्या नागापूर येथील वार्षिक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



गुणवंत विद्यार्थ्यांचे सत्कार झाले, अहवाल वाचून झाला, भोजनाची वेळ जवळ येत चालली; अशा वेळी चार शब्द बोलण्याची आज्ञा चालकांनी आम्हांस केली आहे. विषयही आम्हीच निवडला आणि तो ऐकून कित्येकांच्या भुवया उंचावल्या. ज्ञातीच्या मेळाव्यात शिक्षणावर बोलावे, विवाहातील खर्चावर बोलावे, पूर्वजांच्या थोरवीवर बोलावे. संगणक सुरू करताना पडद्यावर उमटणाऱ्या सूचनांवर कोणी बोलते काय? तथापि ह्या विषयाशी आपल्या मंडळाच्या अब्रूचा संबंध एकदा आलेला आहे, आणि त्या प्रसंगी चिटणीसपदाची जबाबदारी आमच्याकडे होती. म्हणून हे भाषण म्हणजे उपदेश नव्हे. निम्मे तरी ते आमचे कबुलीजबाब आहे.

आपले कार्यालय म्हणजे नागापुरातील एक खोली. मनमाड रस्त्यावरून औद्योगिक वसाहतीकडे जाणाऱ्या मालमोटारींची घरघर तेथे अहोरात्र ऐकू येते. एका दानशूर ज्ञातिबंधूने दिलेल्या देणगीतून ह्या खोलीत टेबलावरचा एक संगणक आला. हळूहळू सभासदांची नामावली त्यात गेली, वधू-वर नोंदणीचे अर्ज गेले, जुन्या मेळाव्यांची छायाचित्रे गेली आणि शिक्षण-साहाय्य निधीचे सारे हिशेब गेले. हा निधी आपण बिनव्याजी देतो आणि मूल कमावते झाले म्हणजे घरची माणसे तो हप्त्याहप्त्याने परत करतात, हे आपणांस ठाऊक आहेच. हिशेब संगणकात गेले म्हणून पावतीपुस्तकांच्या जुन्या स्थळप्रती आम्ही माळ्यावर टाकल्या. तेथे त्यांना वाळवी लागली. त्याचे आम्हांस फारसे वाईटही वाटले नाही, कारण 'सर्व काही संगणकात आहे' हे वाक्य त्या काळी आमच्या तोंडी बसले होते.

२०२३ सालच्या जून महिन्यात एका रात्री वळिवाचा पाऊस झाला आणि वीज बराच काळ गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी कारकुनाने संगणक सुरू केला, तेव्हा नेहमीचे चित्र आले नाही. काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत इंग्रजी मजकुराच्या दोनतीन ओळी तेवढ्या उमटल्या. कारकून आम्हांस म्हणाला, "साहेब, काहीतरी लिहून आलंय." आम्ही दारातूनच पाहिले आणि म्हणालो, "बंद करा, पुन्हा लावा." पुन्हा लावला, तोच मजकूर. आणखी चार वेळा लावला. शेवटी दुरुस्ती करणाऱ्या एका गृहस्थांस बोलावले. त्यांनी पेटी उचलून नेली आणि दुपारी दूरध्वनी करून विचारले, "फॉरमॅट मारून नवीन विंडोज टाकावी लागेल. टाकू का?" आम्ही म्हणालो, "टाका." बंधूंनो, 'फॉरमॅट मारणे' म्हणजे पाटी पुसून कोरी करणे, हे आम्हांस ठाऊक नव्हते, आणि ठाऊक नाही हे सांगण्याची लाज वाटली. त्या गृहस्थांनी विचारले होते, होकार आम्ही दिला होता. दोष आमचाच होय.

संगणक परत आला. नवा कोरा, चपळ आणि रिकामा.

कारकुनाने मात्र सकाळीच एक शहाणपणाचे काम केले होते. त्याने पडद्याचे छायाचित्र मोबाइलवर काढून पुण्यास नोकरी करणाऱ्या आपल्या भाच्याकडे पाठविले होते. दिवसभर कामात असलेल्या भाच्याचे उत्तर रात्री आले: "मामा, डिस्क चांगली दिसतेय. आतली छोटी बॅटरी संपली आहे. ती बदला. डिस्कला कोणी हात लावू नका." हे उत्तर आम्ही वाचले तेव्हा डिस्क पुसून सहा तास झाले होते. ज्या बॅटरीविषयी तो लिहीत होता, ती घड्याळाच्या दुकानात काही दहांच्या नोटांत मिळणारी, आठ आण्यांच्या जुन्या नाण्याएवढी चकती होती.

पुढे काय झाले तेही सांगितले पाहिजे. आठवणीतून आणि बँकेच्या पासबुकांवरून आम्ही निधीची यादी नव्याने केली. रोखीने भरलेले कित्येक हप्ते तीत आले नाहीत. त्या यादीवरून आम्ही थकबाकीदारांस आठवणीची पत्रे धाडली. त्यांपैकी एक पत्र अशा एका भगिनीस गेले, की जिने पतीच्या पश्चात शिवणकाम करून मुलाच्या पदविकेसाठी घेतलेली रक्कम पै-पैने फेडली होती. त्या कार्यालयात आल्या. अधिकउणा एक शब्दही बोलल्या नाहीत. पिशवीतून पावत्यांची चळत काढून टेबलावर मांडली आणि म्हणाल्या, "भाऊ, मोजून घ्या." आम्ही मोजल्या. एकही कमी नव्हती. उठून आम्ही त्यांची क्षमा मागितली आणि आज ह्या सभेतही मागतो. पडद्यावरच्या तीन ओळी आम्ही वेळीच वाचल्या असत्या, तर एका प्रामाणिक बाईस आपल्या प्रामाणिकपणाचा पुरावा पिशवीत घालून आणावा लागला नसता.

म्हणून आज आम्हांस एकच गोष्ट सांगावयाची आहे. संगणक सुरू होताना जी सूचना पडद्यावर येते, ती शिवी नव्हे, शाप नव्हे आणि मृत्यूची बातमी तर बहुधा नव्हेच. ती वर्दी होय. कोठे अडले, हे यंत्र आपल्या परीने सांगत असते. वर्दी ऐकून घेतल्यावाचून हुकूम सोडणारा अधिकारी जशी चूक करतो, तशीच चूक सूचना न वाचता कळा दाबणारा माणूस करतो.

आता ही वर्दी समजून घ्यावयाची, तर सुरू होताना संगणक काय करतो ते थोडक्यात पाहिले पाहिजे. इंग्रजीत ह्या क्रियेस 'बूट होणे' म्हणतात. पायांतल्या बुटांशी तिचा खरोखरच संबंध आहे. बूट ओढून चढविण्यासाठी मागे जो बंद असतो त्यास 'बूटस्ट्रॅप' म्हणतात, आणि त्या बंदास धरून स्वतःच स्वतःला वर उचलावे असा काहीसा हा प्रकार आहे. बटण दाबल्याच्या क्षणी यंत्रास काहीच ठाऊक नसते. मुख्य फळीवर, म्हणजे मदरबोर्डवर, कायमची कोरलेली एक छोटी आज्ञावली असते. जुन्या यंत्रांत तिला बायॉस म्हणत आणि नव्या यंत्रांत तिची जागा यूईएफआय ह्या पद्धतीने घेतली आहे. ही आज्ञावली प्रथम जागी होते आणि घरातील अवयव जागच्या जागी आहेत की नाहीत, हे तपासते. तपासणी पुरी झाली म्हणजे ती डिस्क शोधते, डिस्कवरील विंडोज अथवा तत्सम प्रणालीस हाक मारते आणि कारभार तिच्या हाती देते.

ही आत्मपरीक्षा नवी नाही. आय.बी.एम. कंपनीने १२ ऑगस्ट १९८१ रोजी आपला पहिला व्यक्तिगत संगणक जाहीर केला, तोही अशीच परीक्षा करी आणि दोष आढळल्यास आकडा दाखवी. शंभराच्या घरातील आकडा मुख्य फळीचा, दोनशेच्या घरातील स्मृतीचा, तीनशेच्या घरातील कळफलकाचा. १९८४ साली त्याच कंपनीच्या पुढील यंत्रात घड्याळ आणि मांडणीची नोंद टिकवून धरण्यासाठी बॅटरी आली आणि तिच्याबरोबर दोन आकडे आले: १६१ म्हणजे मांडणीची नोंद हरवली, बहुधा बॅटरी संपली, १६३ म्हणजे तारीख व वेळ लावलेली नाही. आमच्या पडद्यावरची पहिली ओळ होती, 'सीमॉस डेट टाइम नॉट सेट'. म्हणजे जे दुखणे नागापुरात आम्हांस असाध्य वाटले, त्याचे निदान जवळजवळ चाळीस वर्षांपूर्वीच नोंदलेले होते.

सूचना वाचण्याची खरी युक्ती एका प्रश्नात आहे: गाडी कोणत्या स्थानकापर्यंत आली? मनमाडकडून येणारे पाहुणे वेळेवर आले नाहीत, तर आपण लगेच त्यांच्या नावाने रडत नाही. गाडी कोपरगाव सुटली काय, बेलापूर गेले काय, राहुरीपर्यंत आली काय, असे विचारतो. जेथवर आली तेथवरचा मार्ग ठीक आहे, असे समजून पुढचा शोध घेतो. संगणकाचेही तसेच आहे.

पहिले स्थानक विजेचे. बटण दाबले, दिवा नाही, पंख्याचा आवाज नाही, पडदा काळा. येथे सूचनाच येत नाही, आणि न येणे हीच सूचना समजावी. भिंतीवरचे बटण, पेटीमागचे छोटे बटण, तारेची दोन्ही टोके पाहावीत. पडद्याची तार निराळी असते, तीही पाहावी. पंखा फिरत असून पडदाच काळा असेल, तर कित्येकदा दोष फक्त त्या तारेचा असतो. वीजपुरवठ्याची आतील पेटी मात्र घरी कधीही उघडू नये. तार काढल्यावरही तिच्यात काही काळ प्राणघातक दाब शिल्लक राहू शकतो.

दुसरे स्थानक ध्वनीचे. पंखा फिरतो, चित्र येत नाही आणि आतून 'बीप' असा आवाज ठरावीक अंतराने येतो. पडद्यावर लिहिण्याइतकी शक्ती नाही म्हणून यंत्र येथे आवाजाने सांगते. किती आवाज, लांब की आखूड, हे मोजून लिहून घ्यावे. त्यांचा अर्थ प्रत्येक फळीच्या कर्त्यागणिक भिन्न असतो, म्हणून त्या फळीच्या पुस्तिकेतूनच तो पाहावा. पुष्कळदा दोष स्मृतीच्या पट्टीचा, म्हणजे रॅमचा असतो. आपल्याकडच्या धुळीत आणि दमट हवेत ह्या पट्टीची सोनेरी टोके मळतात. जाणत्या माणसाने वीज तोडून, तार काढून, पट्टी हलकेच बाहेर घ्यावी, टोके पांढऱ्या खोडरबराने पुसावीत आणि पुन्हा खटका बसेपर्यंत दाबून लावावी. एवढ्यानेही कित्येक यंत्रे उठून बसतात.

तिसरे स्थानक लेखी वर्दीचे. विंडोजचे चित्र येण्यापूर्वी काळ्या पडद्यावर मजकूर येतो, तो ह्या स्थानकावरचा. 'सीपीयू फॅन एरर' असे आले तर मुख्य चिपेवरचा पंखा फिरत नाही अथवा त्याची तार सुटली आहे, असे समजावे. कळ दाबून पुढे जाणे म्हणजे पाणी नसलेल्या इंजिनाने घाट चढणे होय. 'कीबोर्ड नॉट फाउंड, प्रेस एफ वन' ही सूचना तर गमतीची आहे. कळफलक सापडत नाही आणि म्हणून कळफलकावरील कळ दाबा, असे ती सांगते. अशा वेळी कळ न दाबता कळफलकाची तार पाहावी. 'सीमॉस चेकसम एरर' अथवा 'सीमॉस बॅटरी लो' असे आले, किंवा घड्याळ अचानक कित्येक वर्षे मागे गेले, तर ती आमचीच चकती संपली, असे जाणावे. तिच्यावर २०३२ असा आकडा असतो: २० मिलिमीटर व्यास, ३.२ मिलिमीटर जाडी. दाब ३ व्होल्ट. काही वर्षांनी ती संपणारच. समईतील तेल संपते तसे.

ह्याच स्थानकावर एक सूचना अशी येते, की जिच्याकडे दुर्लक्ष करणे कोणालाही परवडणारे नाही. 'स्मार्ट स्टेटस बॅड, बॅकअप अँड रिप्लेस'. आपल्या अंगी बिघाड होऊ लागल्याचे डिस्क स्वतः नोंदते आणि सांगते, "माझ्याजवळचे जिन्नस आधी काढून घ्या, मग मला बदला." क्रम नीट ध्यानी घ्यावा. आधी नक्कल, मग बदल. मृत्युपत्र करण्याची सवड देणारे दुखणे नशिबानेच येते.

चौथे स्थानक डिस्कच्या शोधाचे. 'रिबूट अँड सिलेक्ट प्रॉपर बूट डिव्हाइस', 'ऑपरेटिंग सिस्टिम नॉट फाउंड', 'नॉन-सिस्टिम डिस्क' अशा सूचना येथे येतात. त्यांचा अर्थ एवढाच, की ज्या ठिकाणी प्रणाली शोधली तेथे ती सापडली नाही. डिस्क मेली, असा तो अर्थ नव्हे. आमच्या पडद्यावरची शेवटची ओळ हीच होती. बॅटरी संपल्यामुळे यंत्र आपली जुनी मांडणी विसरले आणि आमची जुन्या पद्धतीची डिस्क त्याच्या नव्या यादीत बसेना. पाहुणा दाराशी उभा होता; दरवानाजवळची यादी तेवढी हरवली होती. आम्ही मात्र पाहुण्यालाच बाहेर काढले.

ह्या स्थानकावर प्रथम पेनड्राइव्ह, सीडी, मोबाइलची तार असे जे जे बाहेरून लावले असेल, ते काढावे. कित्येकदा यंत्र विसरलेल्या पेनड्राइव्हमध्ये प्रणाली शोधत बसते. मग सुरुवातीसच डिलीट अथवा एफ टू ही कळ दाबून मांडणीच्या पानावर जावे आणि डिस्कचे नाव तेथे दिसते की नाही, एवढेच पाहावे. नाव दिसत असेल, तर डिस्क बहुधा जिवंत आहे आणि क्रम अथवा पद्धत बदलून काम होण्याचा संभव आहे. दिसत नसेल, तर तार सैल आहे काय, हे पाहावे. डिस्कमधून टकटक असा नवा आवाज येत असेल, तर यंत्र तत्काळ बंद करावे आणि पुन्हा लावून पाहण्याचा मोह टाळावा.

पाचवे स्थानक प्रणालीचे. 'एनटीएलडीआर इज मिसिंग' ही विंडोज एक्सपीच्या काळातील आणि 'बूटएमजीआर इज मिसिंग' ही तिच्या नंतरच्या काळातील सूचना. दोहोंचा आशय एकच: डिस्क सापडली, परंतु प्रणालीस उठविणारी फाइल सापडत नाही. ह्याच्याही पुढे गेल्यावर येते ती प्रसिद्ध निळी पाटी. २०२५ पासून नव्या विंडोजमध्ये ती काळी झाली आहे. रंग कोणताही असो, खालच्या बाजूस 'स्टॉप कोड' म्हणून जे शब्द असतात, ते लिहून घ्यावेत. त्यांवाचून वैद्य निदान करू शकत नाही. येथे 'स्टार्टअप रिपेअर' आणि 'सेफ मोड' हे दोन उपाय प्रणालीतच दिलेले असतात. 'रिसेट धिस पीसी' ह्या शब्दांपुढे मात्र थबकावे. त्यातील 'रिमूव्ह एव्हरीथिंग' म्हणजे आमच्या 'फॉरमॅट मारण्याचे' सोज्ज्वळ नाव होय.

ह्या पाचव्या स्थानकावर मोठमोठ्यांच्या गाड्या अडलेल्या आहेत, हे सांगितले म्हणजे आपल्या मनातील संकोच जाईल. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक ह्या सुरक्षा-कंपनीने पाठविलेल्या एका सदोष फाइलमुळे जगभर सुमारे ८५ लाख यंत्रे निळ्या पाटीवर अडकली. हा अंदाज मायक्रोसॉफ्टने स्वतः दिलेला आहे. विमानतळ, बँका, रुग्णालये खोळंबली. आपल्या देशात काही प्रवाशांच्या हाती हाताने लिहिलेले बोर्डिंग पास पडले. उपाय काय होता? यंत्र सेफ मोडमध्ये सुरू करून ती एक फाइल काढून टाकणे. डिस्क पुसण्याची काहीच गरज नव्हती. परंतु पुष्कळ ठिकाणी त्यासाठी माणसास प्रत्येक यंत्रापुढे जाऊन बसावे लागले. ज्या डिस्का बिटलॉकर पद्धतीने कुलूपबंद होत्या, तेथे ४८ आकडी किल्लीही मागितली गेली. आपल्या घरच्या नव्या यंत्रांतही हे कुलूप पुष्कळदा आपोआप लागलेले असते. ती किल्ली आजच शोधून कागदावर उतरवून ठेवावी. घर पेटल्यावर विहीर खणू नये.

एक धोक्याची सूचना भगिनींस आणि वृद्धांस विशेषेकरून देतो. ज्या सूचनेत दूरध्वनी क्रमांक दिलेला असतो, 'ताबडतोब फोन करा, नाहीतर खाते बंद होईल' असा धाक असतो, भोंगा वाजतो आणि पैसे मागितले जातात, ती सूचना यंत्राची नव्हे, चोराची. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या सूचनेत फोन करण्यासाठी क्रमांक दिलेला नसतो. अशा वेळी फोन न करता यंत्र बंद करावे आणि घरातील जाणत्यास बोलवावे.

आता कर्तव्याकडे वळू. खर्चाचे असे त्यात फार थोडे आहे.

पहिले, सूचना येताच हात मागे घ्यावेत आणि डोळे पुढे न्यावेत. मजकूर अक्षरशः लिहून घ्यावा अथवा त्याचे छायाचित्र काढावे. इंग्रजी कळत नसले तरी अक्षरे उतरविता येतात. दुसरे, काल आणि आज ह्यांत काय बदलले, हे आठवावे. वीज गेली होती काय, नवे काही जोडले होते काय, यंत्राची जागा हलविली होती काय? तिसरे, एका वेळी एकच उपाय करावा. चार उपाय एकदम केले, तर गुण कशाने आला हे कळत नाही आणि अवगुण कशाने आला हेही कळत नाही. चौथे, दुरुस्तीस देताना लेखी सांगावे, की आतील मजकूर प्रथम काढून ठेवल्यावाचून डिस्क पुसू नये. आणि जो शब्द कळला नाही, त्याचा अर्थ विचारल्यावाचून होकार देऊ नये. विचारण्यात कमीपणा नाही. न विचारण्याची किंमत काय पडते, ते आम्ही सांगितलेच आहे.

पाचवे, चुकून काही पुसले गेलेच, तर त्या क्षणी यंत्र वापरणे थांबवावे. डिस्क पुसली म्हणजे जुन्या पद्धतीच्या डिस्कवरील अक्षरे पुष्कळदा लगेच जात नाहीत. तेथे नवे लिहिले म्हणजे जातात. आम्ही भाच्याचे उत्तर वाचूनही दोन दिवस त्याच यंत्रावर हौसेने काम केले. त्यामुळे पुढे जाणत्याच्या हाती दिल्यावर काही छायाचित्रे तेवढी परत मिळाली, हिशेब मिळाले नाहीत. नव्या एसएसडी डिस्कवर तर पुसलेले परत मिळण्याची आशा फारच थोडी.

सहावे आणि सर्वांत महत्त्वाचे: यंत्राला मोल आहे, पण आतील मजकूर अनमोल आहे. यंत्र बाजारात मिळते. आजीचे छायाचित्र, मुलीच्या शिक्षणाचा हिशेब, कै. वडिलांच्या हातची पत्रे बाजारात मिळत नाहीत. म्हणून प्रत्येक महत्त्वाच्या मजकुराच्या तीन प्रती असाव्यात. एक यंत्रात, एक वेगळ्या डिस्कवर आणि एक दुसऱ्याच घरी किंवा दूरच्या साठवणीत. वेगळी डिस्क काम झाल्यावर काढून ठेवावी. सतत जोडलेली नक्कल यंत्राबरोबरच बुडते.

ह्या प्रसंगानंतर आपल्या कार्यालयात जे बदल झाले, तेही निवेदन करतो. संगणकाशेजारी दोरीने बांधलेली एक वही आहे. काही सूचना आली, की तारीख घालून ती तीत प्रथम उतरवायची, हा नियम. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी हिशेबाची नक्कल होते आणि ती कोशाध्यक्षांच्या घरी जाते. विजेच्या लहरीसाठी यूपीएस बसविला आहे. आणि पावत्यांच्या स्थळप्रती आता पत्र्याच्या पेटीत असतात. कागदास हसणारे आम्ही, त्या भगिनीच्या कागदांनीच तरलो, हे विसरता येत नाही.

तरुणांस एक विनंती. तुमच्यापैकी पुष्कळांनी एमएस-सीआयटीचा अभ्यासक्रम केला आहे, काहीजण अभियंते आहेत. घरातील वडील मंडळी पडद्यावरच्या इंग्रजीस भितात. त्यांच्या हातातून माउस ओढून घेऊन चुटकीसरशी काम उरकू नका. शेजारी बसा, ओळ वाचा, मराठीत अर्थ सांगा आणि कळ त्यांनाच दाबू द्या. 'प्रेस एनी की' ह्यातील 'एनी' नावाची कळ शोधणारी माणसे हसण्यासारखी नाहीत. त्यांना कोणी अर्थ सांगितलेला नाही, एवढेच. भाच्याचे उत्तर सहा तास आधी आले असते तर, असे आम्हांस अजूनही वाटते. तेव्हा तुमच्या मामाचे, काकांचे, आजीचे छायाचित्र मोबाइलवर आले, तर ते रात्रीपर्यंत ठेवू नका.

वडीलधाऱ्यांसही हात जोडून सांगतो. हे यंत्र आपल्याहून शहाणे नाही. ते अडले की अडले म्हणून सांगते, आणि हा गुण पुष्कळ माणसांत नसतो. त्याचे बोलणे एकदा शांतपणे ऐकावे. उपाय आपल्या हाती असेल वा नसेल. ऐकणे मात्र निश्चित आपल्या हाती आहे.

 ज्यांच्या पावत्यांनी मंडळास हा धडा दिला, त्या भगिनी ह्या सभेत उपस्थित आहेत. त्यांना नमस्कार करून आम्ही आपली रजा घेतो.